वस्तरा आणि कायदा

फ्रीगंजातील मराठी घरांतून जुनी छायाचित्रे पाहावयास मिळतात. अंबाडा, खोपा घातलेल्या सुवासिनींच्या शेजारी आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेली एखादी आजी बसलेली असते.

स्त्रीच्या केसांवर सत्ता चालविण्याची हौस आमच्याच समाजास होती असे नाही. १७८६ साली न्यू ऑर्लिन्सला स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी केस रुमालाने झाकावेत असा हुकूम काढला. त्या मानिनींनी रंगीत रुमाल असे झोकात बांधले की शिक्षेचाच शृंगार झाला! आमच्या आजीला तेवढीही वाट नव्हती. झाकावयास केसच उरत नसत.

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली, हे आम्हां वकिलांस पाठ असते. मात्र केशवपनाविषयी त्यात अक्षर नाही. लग्नाचे दार उघडले, वस्तरा तसाच राहिला. तो खाली ठेवण्याची भाषा वस्तरा धरणाऱ्यांकडूनही निघाली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा ठराव केला. चाल त्याने लगेच बंद पडली नाही; पण हातावर पोट असलेल्या त्या माणसांनी चालत्या धंद्यातले गिऱ्हाईक आपण होऊन सोडले.