रोजगार हमी योजना (महाराष्ट्र)

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना (संक्षेपाने 'रोहयो') ही ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते देण्याची जबाबदारी शासनावर टाकणारी योजना आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे तिचे जनक मानले जातात.

पार्श्वभूमी

पागे यांच्या कल्पनेनुसार 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रथम प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1972 मध्ये योजना राज्यभर लागू झाली. परंतु त्याच सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात सारे लक्ष दुष्काळी कामांकडे वळले. मे 1973 मध्ये या कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणे ही कामे तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाची झाली.

कायदा व निधी

रोजगार हमी अधिनियम 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची त्यात तरतूद होती. मात्र कामाचा प्रकार निवडण्याचा अधिकार मजुराला नव्हता. योजनेचे खरे वैशिष्ट्य तिच्या निधीत आहे. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला, शिवाय काही करांवर अधिभार आला आणि जमा रकमेइतकीच भर राज्य शासनाने घालावयाची होती. व्यवसाय कराचा मोठा भार मुंबईसारख्या शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर पडला. पगारपत्रकातील ही कपात खेड्यातील मजुरीसाठी सुरू झाली, हे आज अनेक नोकरदारांना ठाऊक नसते.

परिणाम व टीका

मजुरी झालेल्या कामाच्या मोजमापानुसार मिळत असे आणि स्त्री-पुरुषांना दर सारखेच होते. त्यामुळे कामांवर स्त्रियांची संख्या मोठी राहिली. सावली, पिण्याचे पाणी व मुलांच्या सांभाळाची सोय नियमात असली, तरी अनेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. खोटी हजेरीपत्रके आणि मजुरीस होणारा विलंब या तक्रारीही सातत्याने होत. पाझर तलावांचा अधिक लाभ विहिरी असलेल्या जमीनमालकांना होतो, भूमिहीन मजुराला नव्हे, हा आक्षेप अधिक मूलगामी होता. 1990 च्या सुमारास फळबाग लागवड योजनेस जोडल्यावर तर निधीचा काही भाग थेट खाजगी शेतांवर खर्च होऊ लागला.

1988 मध्ये मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आणल्यानंतर रोजगाराचे प्रमाण घटले. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी यांनी 1993 च्या अभ्यासात याचा संबंध कामांच्या टंचाईशी जोडला. म्हणजे दर वाढला, पण मागेल त्या प्रत्येकाला काम मिळेनासे झाले.

राष्ट्रीय कायदा

संसदेने 2005 मध्ये केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. दोहोंत एक महत्त्वाचा फरक मात्र होता. राष्ट्रीय कायद्याने प्रति कुटुंब वर्षाला 100 दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात हमी व्यक्तीला होती आणि दिवसांची अशी मर्यादा नव्हती.