लहान एंजिनांची इंधने, मावळ व लोणावळे परिसरातील

पाण्याचे पंप, मळणी यंत्रे, पॉवर टिलर, स्कूटर, गवत कापण्याची यंत्रे व साखळी करवती यांत बहुधा एकाच सिलिंडरचे अंतर्ज्वलन-एंजिन असते. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात व लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर अशा एंजिनांत कोणते इंधन पडले, हे एंजिनाच्या रचनेइतकेच बाजारभाव, सरकारी धोरण आणि पाऊस यांवर अवलंबून राहिले. इंधन चुकल्याने होणारी हानी मात्र सर्वस्वी यंत्रमालकाच्या वाट्याला येते.

लोणावळे, वळवण व शिरवटे येथील जलाशयांच्या पाण्यावर खोपोली येथे १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि ती वीज मुंबईला गेली. ज्यांच्या तालुक्यात हे पाणी अडविले गेले, त्यांच्या शेतांच्या बांधापर्यंत वीज पोहोचण्यास पुढे अनेक दशके लागली. मधल्या काळात पाणी उपसण्याचे काम प्रथम मोटेने व नंतर तेल-एंजिनाने केले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा लोणारी कोळशापासून तयार केलेल्या वायूवर मोटारगाड्या चालविण्यात आल्या. सह्याद्रीच्या रानात कोळसा पाडणारे कातकरी मजूर होते, कोळशाचा तुटवडा नव्हता. परंतु वायुजनित्र, गाळणी व शीतक मिळून होणारे वजन लहान एंजिनाच्या स्वतःच्या वजनापेक्षा अधिक भरे. त्यामुळे हा उपाय मोठ्या वाहनांपुरताच राहिला.

पुण्यानजीक खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि डीझेल एंजिन शेतकऱ्याच्या परिचयाचे झाले. या एंजिनात ठिणगी-गुडदी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात एक लहान डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. डीझेल एंजिन कोणतेही तेल पचविते, हा समज अशा प्रयोगांशी जुळणारा असला, तरी तो अर्धाच खरा आहे. दाट किंवा न गाळलेल्या तेलाने अंतःक्षेपकाची सूक्ष्म छिद्रे चोंदतात.

ओढ्याकाठी उचलून नेता येणाऱ्या हलक्या पंपांसाठी केरोसीन (रॉकेल) स्वस्त पडे. केरोसीनचा ऑक्टेन अंक कमी असल्याने अशा एंजिनांचे संपीडन गुणोत्तर मुद्दाम कमी ठेवलेले असते. एंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर केरोसीनवर न्यावयाचे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावयाचे, अशी रीत होती. ही शेवटची पायरी कंटाळ्याने गाळली, तर कार्ब्युरेटरात केरोसीन उरे व दुसऱ्या दिवशी थंड एंजिन दोरी ओढून ओढून हात दुखले तरी पेटत नसे. न जळालेले केरोसीन कड्यांमधून खाली झिरपून वंगण पातळ करी, ते वेगळेच. अनुदानित केरोसीन पेट्रोलमध्ये व डीझेलमध्ये मिसळण्याचा गैरप्रकार याच स्वस्ताईतून बोकाळला. २०२० मध्ये हे अनुदान संपुष्टात आले.

आकुर्डी येथे बनणाऱ्या बजाज स्कूटरींमुळे दोन धावी एंजिन घरोघरी पोहोचले. या एंजिनात वंगणाची वेगळी कोठी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच दट्ट्या व धारवे यांना वंगण पुरविते. याच कारणाने ते आडवे-तिरपे धरले तरी चालते आणि साखळी करवतीस सोयीचे ठरते. जुन्या एंजिनांना लिटरला ४० मिलि.पर्यंत तेल लागे, तर नव्या साखळी करवतींना चांगल्या प्रतीचे तेल सामान्यतः २० मिलि. पुरते (५०:१). स्कूटरच्या सवयीने अंदाजे ओतलेले जादा तेल गुडदीवर काजळी धरते; कमी पडलेले तेल दट्ट्या अडकवून एंजिनच निकामी करते.

पेट्रोलमध्ये मळीपासूनचे एथिल अल्कोहॉल मिसळण्याची कल्पना नवी नाही. त्यासाठी १९४८ मध्ये केंद्रीय कायदा झाला होता व तो २००० मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रासह नऊ राज्यांत २००३ मध्ये ५ टक्के मिश्रण सुरू झाले. देशातील सरासरी प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांच्या आसपास गेले. ऊस उत्पादक व आयातखर्च यांच्या दृष्टीने धोरण लाभाचे असले, तरी लहान एंजिनांचा विचार त्यात मागाहूनच आला, असे म्हणावे लागते. अल्कोहॉलला जळण्यास हवा कमी लागते. मोटारगाडीतील संवेदक त्यानुसार इंधन वाढवितो. साध्या कार्ब्युरेटरला ते जमत नाही, मिश्रण विरळ होते व एंजिन अधिक तापते. लोणावळ्याच्या सु. ६२० मी. उंचीवर हवा विरळ असल्याने हा दोष थोडा भरून निघतो, पण पूर्णपणे नव्हे. अनेक उत्पादकांनी अशा यंत्रांसाठी १० टक्क्यांचीच मर्यादा घातलेली आहे.

घाटमाथ्यावर याहून मोठी अडचण पाण्याची आहे. निव्वळ पेट्रोलमध्ये शिरलेले पाणी तळाशी वेगळे दिसे व काढून टाकता येई. अल्कोहॉलमिश्रित पेट्रोल मात्र दमट हवेतील, टाकीच्या आत धरलेल्या दवातील व डब्याच्या सैल झाकणातून झिरपलेल्या पावसातील पाणी काही मर्यादेपर्यंत न दिसता सामावून घेते. १० टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा अवघी सु. अर्धा टक्का असते. ती ओलांडली, की पाणी व अल्कोहॉल मिळून तळाशी बसतात. या थरात दोन धावी तेल जवळजवळ नसते आणि टाकीतील शोषनळी नेमकी तळाशी असते. लोणावळ्यात पावसाळी वाऱ्याने झाडे आडवी होतात ती जुलैमध्ये. त्या वेळी बाहेर काढलेल्या करवतीत पुष्कळदा उन्हाळ्यात भरलेले पेट्रोल असते. म्हणून काम संपताच टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवितात आणि पुढील कामासाठी तेवढ्यापुरतेच ताजे पेट्रोल आणून त्यात तेल मापून मिसळतात.