चवदार तळ्याची वाट

महाड ही सावित्रीच्या खोऱ्यांतील खेडोपाड्यांची पेठ. कोणी सौदासूत करावयास येई, कोणी कचेरींत सारा भरावयास. त्यांतल्या अस्पृश्य माणसाला तहान लागली, तर गांवाच्या पार टोकाला असलेल्या आपल्या वस्तीची विहीर गांठावी लागे. चवदार तळें भररस्त्यांत होतें. तेथें गुराढोरांस मज्जाव नव्हता, या माणसांस मात्र होता.

दासगांवचे रामचंद्र बाबाजी मोरे याच तालुक्यांतले. जन्म १९०३ सालचा. पलटणींतून पेन्शन घेऊन परतलेल्या शिपायांमुळें या बाजूच्या महारवाड्यांत अक्षरओळख लवकर पोंचली होती. रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हे तसेच एक निवृत्त शिपाई. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनीं १८८८ सालींच पुस्तिका लिहिली. मोरे शिष्यवृत्ति मिळवून इंग्रजी शाळेसाठीं महाडला आले, तों शाळेनें प्रवेश नाकारला. अकरा वर्षांच्या त्या पोरानें वर्तमानपत्राला पत्र धाडलें! सरकारी अनुदान जाईल या धास्तीनें शाळेला नमावें लागलें.

पुढें १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, आणि जानेवारी १९२४ मध्यें सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड म्युनिसिपालिटीनें तळें सर्वांस खुलें केलें. खुलें झालें तें कागदावर. स्पृश्यांच्या विरोधापुढें ठरावाची मात्रा चालेना. माणसें जमविणें हें निराळेंच काम असतें, आणि तें मोरे यांनीं अंगावर घेतलें. डॉ. आंबेडकरांना महाडला आणण्याची खटपट त्यांचीच.

१९ मार्च १९२७ रोजीं परिषद भरली, तेव्हां अडीच हजारांवर लोक आले. एवढ्यांना पाणी कोठून पाजावें? तळें हांकेच्या अंतरावर असतां स्पृश्यांकडून ४० रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. दुसऱ्या दिवशीं तेच लोक डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग शिस्तीनें तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्यांना मारहाण झाली. मागाहून पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळें ‘शुद्ध’ करून घेण्यांत आलें.

ऑगस्टमध्यें म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत कोर्टाची मनाई आली. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १७ मार्च १९३७ उजाडला. तोंवर मोरे कम्युनिस्ट पक्षांत जाऊन मुंबईच्या कामगार चळवळींत पडले होते. जातीचा प्रश्न मात्र त्यांनीं तेथेंही सोडला नाहीं. १९७२ सालीं ते निवर्तले.