नगावर की वजनावर? : भंडारा जिल्ह्यातील जुनी सायकल आणि तिची दुसरी विक्री

'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आज आपण कायद्यांना, संस्थांना, रूढींना लावतो. मूळचा तो भांड्यांचा आहे. चेपलेले, फुटके, झिजलेले तांब्या-पितळेचे भांडे म्हणजे मोड. ती कासाराच्या तराजूत जाई, घट वजा होई, उरलेल्या वजनाची किंमत नव्या भांड्याच्या किमतीतून कापली जाई आणि गिऱ्हाईक वरची रक्कम मोजून नवे भांडे घरी नेई. भंडारा हे या व्यवहारात मुरलेले गाव. गावाच्या नावाचा संबंध 'भाणा' म्हणजे पितळी थाळी या शब्दाशी जोडण्याची चाल जुनी आहे, रतनपूरच्या इ. स. ११००च्या सुमाराच्या शिलालेखात 'भाणारा' असा उल्लेख येतो. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरांनीही इथल्या पितळकामाची दखल घेतली आहे.

मोडीच्या व्यवहाराचा एक नियम ध्यानात ठेवला पाहिजे. तराजूला आकार कळत नाही. घागर असो, परात असो की देवघरातली समई, एकदा तराजूत पडली की ती फक्त पितळ. त्यात कुणाचे नुकसान नव्हते, कारण पितळेच्या भांड्याची बरीचशी किंमत धातूतच असते. भांडे मोडले तरी मोल शिल्लक राहते.

याच जिल्ह्यात विसाव्या शतकात धातूची आणखी एक वस्तू घरोघर पोहोचली आणि तिने हा नियम उलटा केला. ती वस्तू म्हणजे सायकल. सायकलीचे लोखंड स्वस्त असते. मोल असते ते तिच्या चालण्यात. म्हणून सायकल जुनी झाली की तिचा मालक तराजूकडे न जाता दुसरे गिऱ्हाईक शोधी. भांडे वजनावर विकले जाई, सायकल नगावर. या दुसऱ्या विक्रीचा इतिहास कुठल्याच सरकारी दप्तरात सलग सापडत नाही, आणि तरीही जिल्ह्यातल्या कित्येक घरांत पहिले वाहन याच वाटेने आले.

सायकल या भागात का रुजली हे नकाशाच सांगतो. १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली, पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेत गेली. पण रुळांनी भंडारा आणि तुमसर या दोन्ही गावांना बाजूला ठेवले. म्हणून स्थानकांची नावे 'भंडारा रोड' आणि 'तुमसर रोड' अशी पडली. एक वरठीला, भंडाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर, दुसरे देव्हाडीला. गाडीतून उतरलेल्या माणसापुढे गाव गाठण्याचा प्रश्न उभाच राही. त्यात जमीन सपाट, धानाच्या बांध्यांची. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी, तिथल्या पाळ्या. गावोगाव विड्या वळण्याचे काम आणि तयार विड्या पोहोचवण्याची रोजची फेरी. मोहाडी, आंधळगाव, पवनीकडचे कोशाचे विणकर. मालगुजारी तलावांतली मासळी घेऊन बाजाराला निघणारे ढिवर. १९६०च्या दशकात जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली, तिचे कामगार. या सगळ्यांचे अंतर पायी जाण्याला जास्त आणि बसची वाट पाहण्याला कमी होते. सायकल नेमकी त्या मापाची होती.

पण यांतले बहुतेक नवी सायकल घेऊ शकत नव्हते. आधी सायकली विलायतेहून येत. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मुंबईत हिंद सायकल्सने देशी सायकल काढली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टी. आय. (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६) आणि आसनसोलला सेन-रॅले असे कारखाने आले. तरीही शेतमजुराच्या दृष्टीने नवी सायकल म्हणजे कित्येक आठवड्यांची मजुरी. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल देण्याची चाल पडली ती याच काळात, आणि त्या यादीवरूनच सायकलीचे मोल कळते. ज्याला सासऱ्याकडून मिळाली नाही आणि दुकानातून परवडली नाही, त्याच्यासाठी जुनी सायकल होती.

जुनी सायकल विकली जाण्यामागे एक तांत्रिक कारण होते, त्याची चर्चा फार कमी झाली आहे. इंग्लंडातल्या रोडस्टर सायकलीचा नमुना भारतीय कारखान्यांनी जवळजवळ जसाच्या तसा उचलला आणि दशकानुदशके बदलला नाही. बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम, अठ्ठावीस बाय दीडचे टायर, कॉटर पिनने बसवलेले क्रँक, सळईचे ब्रेक. त्यामुळे हँडल एका कंपनीचे, रिम दुसऱ्या कंपनीची आणि फ्रीव्हील लुधियानाच्या एखाद्या छोट्या कारखान्याचे, असे सगळे एकाच सायकलीत बसू शके. तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकला चार जातीचे टायर आणि चार मापांचे छर्रे ठेवावे लागत नसत. फ्रेमचे नळे खाचण्यांत बसवून पितळेने झाळलेले असत. सांधा सुटला तर तो पुन्हा झाळता येई. भंडाऱ्याच्या लेखकाला हा तपशील सांगताना थोडे सुख होते: इथली घागर पितळेची होती आणि सायकलीचे सांधेही पितळेनेच धरले होते.

या एकसारखेपणावर दुरुस्तीच्या दुकानाचे अर्थशास्त्र उभे होते. बंद पडलेली सायकल दुकानात आली की मेकॅनिक तिच्याकडे तीन नजरांनी पाही. पहिली नजर पूर्ण सायकलीची: ओव्हरऑइल करून, चाकांचे आउट काढून, कप-कोन आणि छर्रे बदलून, टायरला गेटर मारून ती पुन्हा रस्त्यावर येते का? येत असेल तर ती विकायची, किंवा तासाच्या भाड्याने द्यायच्या रांगेत उभी करायची. दुसरी नजर सुट्या भागांची: फ्रेम गेली असेल तर चाके, हब, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर दुसऱ्या सायकलीला लागतील. या दोन्ही नजरांतून जे सुटे तेवढेच तिसऱ्या नजरेला, म्हणजे भंगाराला जाई. कबाड्याकडे पोहोचणारी वस्तू ही सायकल नसे, सायकलीचा उरलेला गाळ असे.

आजच्या भावाने एक साधा हिशेब मांडू. रोडस्टर सायकल वीस किलोच्या आसपास भरते. भंगाराला किलोमागे पंचवीस-तीस रुपये धरले तर पूर्ण सायकलीचे पाच-सहाशे होतात. तीच सायकल चालती केली आणि हजार-बाराशेला गेली, तर मधली रक्कम सुटे भाग, मेकॅनिकचा दिवस आणि थोडा नफा यांत वाटली जाते. ही मधली फट म्हणजेच जुन्या सायकलीचा धंदा. फट रुंद असेल तोवर सायकल नगावर विकली जाते. अरुंद झाली की तिला तराजू खेचून घेतो. दुरुस्तीची संस्कृती, काटकसरीचे संस्कार वगैरे शब्द आपण नंतर जोडतो. आधी ही फट असावी लागते.

दुसरी अट होती मालकीची खात्री. मोटारसायकलीला नोंदणीपुस्तक असते, हस्तांतर होते. सायकल मोटार वाहन कायद्याच्या कक्षेतच येत नाही. मग जुनी सायकल चोरीची नाही हे घेणाऱ्याने कसे ओळखायचे? त्याला दोन आधार होते. एक, दुकानाचे मूळ बिल. त्यावर फ्रेमचा क्रमांक असे आणि सायकलीबरोबर ते बिलही नव्या मालकाकडे जाई. दुसरा, बिल्ला. अनेक नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून क्रमांकाचा छोटा धातूचा बिल्ला देत. कर वाचवण्यासाठी लोक गल्ल्यांतून सायकली पळवत याच्या गमती पुष्कळ सांगितल्या जातात. पण त्या बिल्ल्याने नकळत एक काम केले होते. त्याने सायकलीला नाव-गाव दिले होते. हा कर ठिकठिकाणी बंद झाला तेव्हा कुणी हळहळले नाही. मात्र त्याबरोबर सायकलीची एकमेव सार्वजनिक नोंदही गेली.

बेवारस सायकलीचा मार्ग वेगळा. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ची कलमे ४५७ आणि ४५८ यांनी तो आखून दिला होता: पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूचा मालक ठाऊक नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्याने जाहीरनामा काढायचा, सहा महिन्यांची मुदत द्यायची, आणि कुणी पुढे आले नाही तर वस्तू सरकारजमा होऊन विकता येई. आता त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कायद्यात सहा महिने असले तरी पावसाचा कायदा वेगळा असतो. ठाण्याच्या आवारात दोन पावसाळे काढलेली सायकल लिलावापर्यंत पोहोचते तेव्हा तिची फट पुरती बुजलेली असते.

इतिहासकारांनी या प्रवासाकडे उशिरा पाहिले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) या ग्रंथात भारताच्या आधुनिकतेचा विचार शिलाई यंत्र, सायकल, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी या छोट्या यंत्रांतून मांडला. धानाच्या जिल्ह्यातल्या वाचकाला यांतले एकही यंत्र अनोळखी वाटणार नाही. त्याआधी डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड'मध्ये म्हटले की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहिला पाहिजे, आणि वापर म्हटला की दुरुस्ती आलीच. आपल्या आकडेवारीला हे अजून उमगलेले नाही. कारखान्याचे उत्पादन मोजले जाते. जनगणना घरात सायकल आहे का हे विचारते. २०११मध्ये देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांनी 'आहे' म्हटले. पण ती सायकल पहिल्या हाताची की चौथ्या, हे कुठल्याच रकान्यात नाही. कारखाना आणि घर यांच्यामधला मेकॅनिक या दोन आकड्यांच्या फटीत हरवला आहे.

ही साखळी गेल्या पंचवीस वर्षांत सैल झाली. हप्त्यावरची मोटारसायकल आली, हे ठळक कारण. दुसरे कारण सायकलीच्या आतले आहे. रेंजर, गिअरच्या सायकली, लहान मुलांच्या रंगीत सायकली यांनी मापे वाढवली. पातळ नळ्यांच्या वेल्ड केलेल्या फ्रेम झाळून घेण्याजोग्या राहिल्या नाहीत. एकीचा भाग दुसरीला लागेना, आणि मेकॅनिकची दुसरी नजर निकामी झाली. ३ जून २०२०ला, ऐन जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तेव्हा बातम्या झाल्या. त्याआधी बंद पडलेल्या गावोगावच्या दुकानांच्या बातम्या झाल्या नव्हत्या.

एकसारखेपणा गेला की काय होते याचा धडा पुण्याने घेतला आहे. २०१७च्या अखेरीपासून तिथे मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या: पेडल, ओफो, युलू, मोबाइक. ओफोने २०१८मध्येच भारतातून पाय काढला. या नमुन्याच्या बऱ्याच सायकलींत भरीव टायर, खास कुलपे, खास सुटे भाग. गल्लीतल्या मेकॅनिकपाशी त्यांना लावायला काही नव्हते. याउलट उदाहरण म्यानमारचे. सिंगापूर आणि मलेशियात कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या अशाच सायकली तिथल्या एका उद्योजकाने २०१९मध्ये हजारोंच्या संख्येने स्वस्तात घेतल्या, डिजिटल कुलपे काढली, मागे दुसऱ्या माणसाला बसायला सीट बसवली आणि पायी शाळेत जाणाऱ्या मुलांना दिल्या. वस्तू तीच होती. एका शहरात तो कचरा ठरला, दुसरीकडे शाळेची वाट.

शाळेची वाट हा आपल्याकडचाही प्रश्न आहे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले जातात. २०२२पासून ही रक्कम पाच हजार आहे. बिहारमध्ये २००६पासून चाललेल्या अशाच योजनेवर मुरलीधरन आणि प्रकाश यांनी केलेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे सायकलीने काय बदलते याबद्दल शंका उरलेली नाही. पण योजना पहिल्या विक्रीपाशी संपते. बारावी झालेल्या मुलीची सायकल धाकट्या बहिणीकडे गेली तर ठीक. बहीण नसेल, मेकॅनिक गावात उरला नसेल, तर ती गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि एके दिवशी कबाड्याच्या हातगाडीवर चढते. तिच्यात अजून पाच मुलींची शाळा शिल्लक असते.

सरकारी कार्यालयांत निरुपयोगी वस्तू दप्तरातून काढण्याला 'निर्लेखन' म्हणतात. ग्रामपंचायत, शाळा, पोलीस ठाणे, वसतिगृह, सगळीकडे निर्लेखनाच्या याद्या होतात आणि त्यांत जुन्या सायकली असतात. त्या यादीवर एक ओळ लिहायची असते: विक्री नगावर की वजनावर. वजनावर विकल्या तर काम एका दुपारी उरकते. नगावर विकायच्या तर आधी एखाद्या मेकॅनिकला बोलवावे लागते, प्रत्येक चाक फिरवून पाहावे लागते, चालण्याजोग्या सायकली बाजूला काढाव्या लागतात, आणि लिलाव पावसाळ्याआधी करावा लागतो. पितळेच्या गावाने शंभर वर्षे मोडीचा हिशेब चोख ठेवला. कोणती वस्तू मोडीत घालायची आणि कोणती नाही, हे ओळखणेही त्याच हिशेबाचा भाग होते. ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती, त्याला ठाऊक असो वा नसो, आज या इतिहासाचे पुढचे पान आहे.