एका रात्रीचा कुरळेपणा

लग्नसराई असो, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो की गणेशोत्सवातील कार्यक्रम; सरळ व लांब केसांना एका दिवसापुरता कुरळेपणा आणण्याची हौस अनेकींना असते. विजेवर तापणारा कर्लर त्यासाठी हाताशी असला, तरी लांब केसांच्या बाबतीत त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. डोक्यावरील केस महिन्याला साधारणपणे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पोहोचलेल्या केसाचे टोक पाच ते सहा वर्षांचे जुने असते. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असल्यामुळे त्याला झालेली इजा भरून निघत नाही. आखूड केसांची खराब झालेली टोके कापली, तरी काही महिन्यांत पहिली लांबी परत येते. कमरेपर्यंत केस राखणाऱ्या स्त्रीला मात्र तेवढ्यासाठी काही वर्षांची वाढ गमवावी लागते. म्हणूनच रात्रभर केस बांधून ठेवून सकाळी ते कुरळे करण्याची जुनी घरगुती रीत लांब केसांना अधिक मानवते. ही रीत साधी आहे. पण तिच्यामागील शास्त्र ठाऊक नसेल, तर सकाळी निराशा पदरी पडण्याचाच संभव अधिक.

पाण्याचे बंध

केस हा मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांबच लांब साखळ्या निरनिराळ्या बंधांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. त्यांपैकी गंधकाचे बंध बळकट असतात. कायमस्वरूपी कुरळे केस करताना रसायनांनी हेच बंध तोडून पुन्हा जोडले जातात. हायड्रोजन बंध त्या मानाने दुबळे, परंतु संख्येने विपुल असतात. केस भिजला की ते सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. ज्या आकारात केस वाळेल, तो आकार हे बंध काही काळ धरून ठेवतात. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० च्या दशकात क्ष-किरणांच्या साह्याने लोकर व केस यांचा अभ्यास केला. केस ताणला असता केराटिनची रेणुरचना बदलते व ताण काढल्यावर ती पूर्ववत होऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

कर्लरची उष्णता हेच काम काही सेकंदांत करते, पण त्यासाठी सामान्यतः दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअस तापमान लागते. केस ओलसर असेल तर आतील पाण्याची एकदम वाफ होऊन केसात सूक्ष्म पोकळ्या पडतात आणि तो तेथे तुटतो. रात्रभराच्या रीतीत उष्णतेची जागा वेळ घेतो. तिचे नियम दोनच : केसांत बंध सुटण्यापुरता ओलावा हवा, आणि सोडण्यापूर्वी तो पूर्णपणे गेलेला हवा. फसलेल्या बहुतेक प्रयत्नांत यांपैकी दुसरा नियम मोडलेला असतो.

तयारी

केस शक्यतो सायंकाळी लवकर धुवावेत. तेल लावलेल्या केसांत पीळ नीट टिकत नाही. त्यामुळे अभ्यंग करायचे असल्यास ते आधी करून शिकेकाईने किंवा सौम्य शांपूने तेल काढून टाकावे. धुतलेले केस झटकू वा चोळू नयेत. सुती पंचात गुंडाळून हलक्या हाताने पाणी टिपून घ्यावे. ओला केस कोरड्यापेक्षा अधिक ताणला जातो आणि सहज तुटतो. म्हणून रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकांकडचा गुंता सोडवून मग क्रमाने वर जावे.

यानंतर केस मोकळे सोडून वाळू द्यावेत. पिळले असता थेंब निघू नये, मात्र हाताला गारवा जाणवावा, ही बांधण्याची योग्य वेळ होय. पीळ अधिक काळ टिकावा म्हणून जवसाचा चीक उपयोगी पडतो. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात आठ-दहा मिनिटे उकळले की पाण्याला अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा दाटपणा येतो. ते कोमट असतानाच पातळ कापडातून गाळावे, कारण गार झाल्यावर गाळणे जिकिरीचे होते. एक-दोन चमचे चीक सर्व केसांना पुरतो. उरलेला चीक शीतकपाटात काही दिवस राहतो. वास बदलल्यास टाकून द्यावा.

तीन रीती

पहिली रीत वेण्यांची. एकच जाड वेणी घातली तर तिचा गाभा सकाळपर्यंत ओलाच राहतो आणि नागमोडी केवळ खालच्या भागात दिसते. दोन ते चार वेण्या घातल्यास सैल, मोठ्या लाटा मिळतात. वेण्या जितक्या बारीक व अधिक, तितक्या लाटा लहान. तिपेडी वेणीने केसांना चपटी नागमोडी येते, तर दोन पेडांना नुसता पीळ दिल्यास गोलसर वळणे पडतात. वेणीचे टोक सरळच राहते. ते कापडाच्या तुकड्यावर गुंडाळून बांधावे.

दुसरी रीत चिंध्यांची. तुळशीबागेत चाप, आकडे, रबरे यांची वाण नाही. या कामाला मात्र जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पुरतात. कोरडी सुती चिंधी थोडा ओलावा शोषून घेते व झोपताना टोचत नाही. केसांचे बारा ते सोळा भाग करून प्रत्येक बट पट्टीवर गुंडाळावी आणि पट्टीच्या दोन्ही टोकांची गाठ मारावी. आखूड केस टोकापासून वर गुंडाळत नेतात. कमरेपर्यंतच्या केसांचा तसा गुंडा केल्यास थरावर थर बसून आतील केस वाळत नाहीत. म्हणून लांब बट पट्टीभोवती वरून खाली वेलीसारखी वेढत न्यावी.

तिसरी रीत ओढणीची. मऊ ओढणीला पीळ देऊन अंगठ्याएवढी जाड दोरी करावी आणि ती डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर सोडावी. कपाळाजवळची बट घेऊन ती चेहऱ्यापासून दूर, मागच्या दिशेने दोरीभोवती गुंडाळावी. प्रत्येक वेढ्यात मागचे थोडे केस मिळवत जावे आणि शेवटी टोक कापडी फितीने बांधावे. कमरेपर्यंतच्या केसांसाठी ही रीत सोपी आहे, कारण त्यात भाग थोडे पाडावे लागतात.

सकाळी सोडताना

प्रथम आतील केस चाचपून पाहावेत. किंचितही ओल जाणवली तर काही वेळ पंख्याखाली वा कोवळ्या उन्हात बसावे. गाठी खालून वर सोडाव्यात. कंगवा फिरवल्यास बटा विस्कटून केस नुसतेच फुगतात, म्हणून बोटांनीच त्या विलग कराव्यात. लांब केसांना त्यांचे स्वतःचे वजन खाली ओढते. त्यामुळे वरचा भाग आधी सैल होतो. हे लक्षात घेऊन हवा त्यापेक्षा थोडा घट्ट पीळ रात्री घालावा. केसांत गजरा माळायचा असल्यास त्यावरील पाणी आधी झटकून घ्यावे. ओल्या गजऱ्याखालचा पीळ लवकर सुटतो.

पुण्याची हवा

केस आणि हवेतील ओलावा यांचे नाते वेधशाळांनाही ठाऊक आहे. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये आपल्या ग्रंथात केसाच्या आर्द्रतामापकाचे वर्णन केले. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. अगदी कोरड्या व पूर्ण दमट हवेत मिळून हा फरक सुमारे दोन ते अडीच टक्के असतो. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या त्या वास्तूला ‘सिमला ऑफिस’ हे नाव पडले. अशा वेधशाळांत आर्द्रता नोंदवणाऱ्या यंत्रात माणसाच्या केसांची जुडी दीर्घकाळ काम करीत आली.

हाच गुण कुरळ्या केसांचे आयुष्य ठरवतो. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यातील दुपारची हवा बरीच कोरडी असते. त्या दिवसांत केस लवकर वाळतात आणि पीळ दिवसभर टिकू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची सापेक्ष आर्द्रता बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. रात्री ओले बांधलेले केस तेव्हा सकाळी ओलेच निघतात, आणि वाळले तरी हवेतील ओलावा बंध पुन्हा सोडवू लागतो. पावसाळ्यात केस आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवावेत, बांधताना केवळ पाण्याचा हात फिरवावा आणि ऐन कार्यक्रमापूर्वीच सोडावेत. थंडीत ओलसर डोक्याने झोपणे अनेकींना सोसत नाही. त्यांनी दुपारीच केस बांधून सायंकाळी सोडल्यास तेवढाच लाभ होतो.

सावधगिरी

उष्णता नाही म्हणून ही रीत सर्वथा निर्धोक ठरत नाही. मुळाशी ताण देऊन केस रोज बांधल्यास कपाळ व कानशिलांजवळचे केस विरळ होऊ लागतात. दीर्घकाळ ओढ राहिल्यास मुळे निकामी होऊन तेथे पुन्हा केस येत नाहीत. बांधल्यावर डोके दुखणे, त्वचा ताणल्यासारखी वाटणे किंवा मुळाशी पुरळ येणे ही गाठ सैल करण्याची सूचना होय. टाळू रात्रभर ओली ठेवल्यास खाज व कोंडा यांचा त्रास वाढू शकतो. म्हणून पाणी कानांच्या खालच्या भागालाच लावावे व मुळे कोरडी राखावीत. सकाळी चिंध्यांसोबत काही केस हाती आल्यास घाबरण्याचे कारण नाही. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक असून बांधलेले केस ते एकदम दाखवतात इतकेच. गळती त्याहून अधिक वा एकाच जागी असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

प्रथमच प्रयोग करणारीने तो समारंभाच्या आदल्या रात्री करू नये. आठवडाभर आधी एकदा करून पाहिल्यास आपले केस किती वेळात वाळतात, कोणत्या जाडीची बट घ्यावी आणि पीळ किती तास टिकतो, याचा अंदाज येतो. पुन्हा केस धुतले की ते मूळच्या सरळपणाकडे परततात आणि पाच-सहा वर्षे जपलेली टोके जशीच्या तशी राहतात.