अडीचशे वॉटचं स्टेशन

७ जून १९४७ रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात एक नवं रेडिओ स्टेशन सुरू झालं. नाव डब्ल्यूडीआयए. ताकद अवघी २५० वॉट आणि परवाना फक्त दिवसाचा. सूर्य उगवला की प्रक्षेपण सुरू, मावळला की बंद. म्हणजे लोक कामावरून घरी येऊन, जेवून निवांत रेडिओपाशी बसत, तेव्हा हे स्टेशन मुकं असे. मालक दोन, जॉन पेपर आणि बर्ट फर्ग्युसन. दोघंही गोरे आणि रेडिओच्या धंद्यात मुरलेले. तरीही वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं, की आपली डाळ इथे शिजत नाही.

कारण उघड होतं. शहरात पाच स्टेशनं आधीपासून होती, हे सहावं. त्यातलं डब्ल्यूआरईसी हे सीबीएस या राष्ट्रीय जाळ्याशी जोडलेलं आणि पीबॉडी या शहरातल्या सर्वांत दिमाखदार हॉटेलातून चालणारं. डब्ल्यूएमसी हे एनबीसीशी जोडलेलं आणि ‘कमर्शियल अपील’ या बड्या दैनिकाच्या मालकीचं. अशा स्टेशनांना नामांकित गायक, मोठे वाद्यवृंद, नाटकं, विनोदी मालिका हे सगळं राष्ट्रीय जाळ्यावरून तयार मिळत असे. डब्ल्यूडीआयएकडे होत्या तबकड्या आणि त्या वाजवणारे निवेदक. त्यांनी कंट्री संगीत लावून पाहिलं, हलकीफुलकी लोकप्रिय गाणी लावून पाहिली, अभिजात संगीतही लावून पाहिलं. यातलं काहीही लावलं, तरी त्याच तासाला शहरातलं दुसरं कुणीतरी तेच अधिक झोकात ऐकवत होतं.

ही अडचण एकट्या मेम्फिसची नव्हती. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत रेडिओ परवान्यांवरचे निर्बंध सैल झाले आणि चारपाच वर्षांत स्टेशनांची संख्या दुपटीवर गेली. गावोगावी छोटी, कुठल्याही जाळ्याशी न जोडलेली स्टेशनं उभी राहिली आणि त्याच त्या श्रोत्यांसाठी आपसांत भांडू लागली. त्यात दूरचित्रवाणी आली. मेम्फिसमध्ये ती डिसेंबर १९४८मध्ये पोचली आणि राष्ट्रीय जाहिरातदारांचा पैसा हळूहळू तिकडे वळू लागला. मोठी स्टेशनं हे धक्के काही वर्षं सोसू शकत होती. २५० वॉटच्या स्टेशनाला तेवढी उसंत नव्हती.

पण शहरात एक वर्ग असा होता, की ज्याच्यासाठी या सहांपैकी कुणीच कार्यक्रम करत नव्हतं. मेम्फिसच्या दर दहा माणसांपैकी जवळपास चार कृष्णवर्णीय होती. त्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, थिएटरात बसायचे मजले वेगळे. बील स्ट्रीट हा त्यांचा रस्ता. दुकानं, बँक, वर्तमानपत्रं, चर्च, जुगाराचे अड्डे, संगीताचे जलसे हे सगळं तिथे होतं. हे लोक रेडिओ ऐकत होते, साबण आणि पीठ विकत घेत होते. पण रेडिओवरून कुणी त्यांना उद्देशून बोलत नव्हतं. ‘कमर्शियल अपील’मध्ये ‘हॅम्बोन’ नावाचं एका कृष्णवर्णीय माणसाचं व्यंगचित्र रोज छापून येई, मोडक्या भाषेत शहाणपण सांगणारं. ते १९६८पर्यंत चालू होतं. गोऱ्या मेम्फिसच्या छापील पानावर कृष्णवर्णीय माणसाची ठरलेली जागा ती एवढीच.

या माणसांना माल विकता येतो, हे कुणाला ठाऊकच नव्हतं असं मात्र नाही. मिसिसिपी नदीच्या काठी, आर्कान्सामधल्या हेलेना गावात केएफएफए या स्टेशनावर १९४१पासून ‘किंग बिस्किट टाइम’ हा दुपारचा कार्यक्रम चालू होता. सनी बॉय विल्यमसन माउथ ऑर्गनवर ब्लूज वाजवायचा आणि एका कंपनीचं पीठ खपायचं. म्हणजे वाट दिसत होती. पण मेम्फिससारख्या शहरात, गोऱ्या मालकांच्या स्टेशनावर, कृष्णवर्णीय माणसाला नोकर किंवा विदूषक म्हणून नव्हे, तर निवेदक म्हणून रोज बसवायचं, हे पाऊल कुणी टाकलं नव्हतं. फर्ग्युसन आणि पेपर यांनी ते टाकलं आणि त्यामागे समाजसुधारणेची तळमळ होती, असं म्हणायला फारसा आधार नाही. स्टेशन बुडत होतं. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यांनी निवडलेला माणूस मात्र विलक्षण होता. नॅट डी. विल्यम्स हे बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये इतिहासाचे शिक्षक. वर्तमानपत्रांत सदर लिहीत. शिवाय बील स्ट्रीटवरच्या पॅलेस थिएटरात होणाऱ्या हौशी कलाकारांच्या स्पर्धांचं सूत्रसंचालन करत. वर्गातली मुलं, त्यांचे आईबाप, रस्त्यावरचे गायक सगळे त्यांना ओळखत होते. २५ ऑक्टोबर १९४८ रोजी दुपारी चार वाजता त्यांचा ‘टॅन टाउन जँबोरी’ हा कार्यक्रम सुरू झाला. ‘टॅन’ म्हणजे तपकिरी. कुणाची वस्ती ते नावातच आलं. मायक्रोफोन चालू झाला आणि पाठ केलेलं सगळं नॅट डी. विसरले. काहीच सुचेना, म्हणून ते पोट धरून हसत सुटले. ते हसू श्रोत्यांना इतकं आवडलं, की पुढची अनेक वर्षं त्यांचा कार्यक्रम त्याच हास्याने सुरू होत राहिला.

गोऱ्या श्रोत्यांचे संतापाचे फोन आले. स्टेशन उडवून देण्याचीही धमकी आली. मालकांनी काही दिवस वाट पाहिली. धमक्या ओसरल्या, श्रोते मात्र वाढतच गेले. मग एकेक करून जुने कार्यक्रम काढले गेले आणि १९४९ संपता संपता स्टेशनाचा सगळा वेळ कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच दिला गेला. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं स्टेशन. जे शहरात शेवटच्या रांगेत होतं, ते बघता बघता बड्या स्टेशनांच्या पंगतीत जाऊन बसलं.

आता हे यश गाण्यांमुळे मिळालं, असं सहज वाटतं आणि त्यात तथ्यही आहे. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतून आलेला रायली किंग नावाचा तरुण एक दिवस गिटार घेऊन स्टेशनात आला. त्याला दहा मिनिटांचा वेळ मिळाला. पैसे नाहीत, पण पेप्टिकॉन नावाच्या एका टॉनिकची जाहिरात गायची आणि आपण रात्री कुठे वाजवणार आहोत ते सांगायचं. त्याचं रेडिओवरचं नाव ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’. त्याचं झालं ‘ब्लूज बॉय’, आणि त्याचं झालं बी. बी. बी. बी. किंग यांच्या पहिल्या तबकड्या १९४९मध्ये याच स्टेशनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाल्या. रूफस थॉमस हे नॅट डीं.चे जुने विद्यार्थी. ते दिवसा कापडाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत आणि बाकीच्या वेळात इथे निवेदन करत. १९५३मध्ये त्यांच्या ‘बेअर कॅट’ने सन रेकॉर्ड्सला पहिलं देशभर गाजलेलं गाणं मिळवून दिलं.

पण गाणी कुणालाही वाजवता येतात. डब्ल्यूएचबीक्यू या प्रतिस्पर्धी स्टेशनाने ते लगेच दाखवून दिलं. १९४९पासून ड्युई फिलिप्स हा गोरा निवेदक रात्री त्यांच्याकडे कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या वाजवू लागला, तेही अशा वेळी, की जेव्हा डब्ल्यूडीआयएला कायद्याने गप्प बसावं लागत होतं. गोरी आणि काळी, दोन्हीकडची तरुण मंडळी त्याचा कार्यक्रम ऐकत. मोठ्या स्टेशनाला नुसती तबकडी उचलायची असेल, तर ते फार सोपं होतं. तरीही डब्ल्यूडीआयएचा श्रोता तिथून हलला नाही. याचं उत्तर गाण्यांच्या मधल्या जागेत आहे.

त्या मधल्या जागेत काय होतं? विला मनरो यांचा ‘टॅन टाउन होममेकर्स’ होता. सकाळच्या वेळी गृहिणींशी गप्पा, पाककृती, गावातल्या स्त्रियांच्या बातम्या. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-निवेदकांत त्यांचं नाव घेतलं जातं. ए. सी. विल्यम्स हे जीवशास्त्राचे शिक्षक. त्यांनी शहरातल्या शाळांमधली मुलं जमवून ‘टीन टाउन सिंगर्स’ हा गायकसमूह बांधला. पुढे नाव कमावलेली कार्ला थॉमस त्यातूनच आली. रविवारी नॅट डी. ‘ब्राउन अमेरिका स्पीक्स’ ही चर्चा चालवत. त्यात वर्णभेदाबद्दल, हक्कांबद्दल बोललं जाई, आणि ते १९४९मध्ये, टेनेसीत. शिवाय दिवसभर चालणाऱ्या सूचना. कुणाचं माणूस हरवलंय, कुणाची वस्तू सापडलीय, कुठल्या चर्चमध्ये जेवण आहे, कुणाचं घर जळालंय आणि त्याला कपडे हवे आहेत. शहराच्या कारभारात ज्यांची दाद लागत नव्हती, त्यांना आपली तक्रार, आपली गरज, आपलं कौतुक ऐकवायला एक जागा मिळाली. हे दुसऱ्या स्टेशनाला उचलता येण्यासारखं नव्हतं. त्यासाठी नॅट डी. लागत होते आणि नॅट डी.ही सकाळी लवकर कार्यक्रम करून शाळेत शिकवायला जात होते म्हणूनच नॅट डी. होते.

१९५४मध्ये स्टेशनाला ५०,००० वॉटचा परवाना मिळाला. अमेरिकेत मध्यम लहरींवर याहून जास्त ताकद कुणालाच दिली जात नाही. म्हणजे सात वर्षांत ताकद दोनशेपट झाली. १०७० किलोहर्ट्झवरून पहाटे चार ते मध्यरात्रीपर्यंत आवाज जाऊ लागला, मेम्फिसपासून थेट मिसिसिपीच्या डेल्टापर्यंत. देशातल्या एकूण कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या सुमारे दहा टक्के लोकांपर्यंत आम्ही पोचतो, असं स्टेशन जाहिरातदारांना सांगत असे. त्याच वर्षी ‘गुडविल फंड’ रीतसर उभा राहिला. नाताळातल्या ‘गुडविल रेव्ह्यू’ आणि उन्हाळ्यातल्या ‘स्टारलाइट रेव्ह्यू’ या जलशांचं उत्पन्न त्यात जाई. त्यातून कृष्णवर्णीय अपंग मुलांना शाळेत नेण्यासाठी बस घेतली गेली, मुलांचे बेसबॉलचे संघ उभे राहिले. ७ डिसेंबर १९५६च्या रेव्ह्यूला तेव्हा देशभर गाजत असलेला एल्व्हिस प्रेस्ली पाहुणा म्हणून आला होता. हे संगीत त्याने कुठून ऐकलं होतं, ते त्या सभागृहातल्या सगळ्यांना माहीत होतं.

इथे गोष्ट गोड करून थांबता येईल. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मायक्रोफोनवर कृष्णवर्णीय माणूस बसला, तरी काचेपलीकडे तबकड्या लावणारे तंत्रज्ञ सुरुवातीची अनेक वर्षं गोरे होते. कचेरीतले वरचे अधिकारी गोरे होते. जाहिरातींचा नफा गोऱ्या मालकांकडे जात होता. रूफस थॉमस इतके लोकप्रिय होऊनही त्यांना कारखान्यातली नोकरी सोडता आली नव्हती. १९५७मध्ये पेपर आणि फर्ग्युसन यांनी स्टेशन विकलं. किंमत दहा लाख डॉलर, विकत घेणारे एग्मंट सॉन्डरलिंग, तेही गोरे. ज्या आवाजांमुळे स्टेशनाला ही किंमत आली, त्यांचा या व्यवहारात वाटा नव्हता.

मालकी कृष्णवर्णीयांकडे असणं तेव्हा अशक्य होतं, असंही नाही. अटलांटा शहरात जेसी ब्लेटन या कृष्णवर्णीय हिशेबतपासनिसाने १९४९मध्येच डब्ल्यूईआरडी हे स्टेशन विकत घेतलं होतं. अमेरिकेतलं कृष्णवर्णीय मालकीचं ते पहिलं स्टेशन. मेम्फिसला मात्र त्यासाठी १९७७पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी डब्ल्यूएलओके हे स्टेशन कृष्णवर्णीय मालकाकडे आलं. म्हणजे नॅट डी. पहिल्यांदा हसले, त्याला २९ वर्षं झाली होती.

म्हणून डब्ल्यूडीआयएकडे बघताना दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. छोट्याने मोठ्यांसमोर तग कसा धरला, याचं उत्तर सरळ आहे. सगळे ज्या श्रोत्यांसाठी झगडत होते, त्यांचा नाद त्याने सोडला आणि ज्यांना कुणी श्रोता मानतच नव्हतं, त्यांच्याशी त्यांच्यातल्याच माणसांना बोलू दिलं. दुसरा प्रश्न, याचा लाभ कुणाला झाला, हा तितका सरळ नाही. मालकांना झाला, तो डॉलरांत मोजता येतो. श्रोत्यांनाही झाला. आपल्या शिक्षकाचा आवाज रोज रेडिओवर ऐकत मोठ्या झालेल्या मुलांना, हॅम्बोनखेरीज आपली दुसरी प्रतिमा असू शकते, हे कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. नुसता धंदा म्हणून सुरू झालेल्या कामातून हे घडलं, आणि ते केवळ धंद्यापुरतं उरलं नाही, याचं श्रेय काचेच्या अलीकडे बसलेल्या माणसांचं आहे.

१०७० किलोहर्ट्झवर डब्ल्यूडीआयए पुढेही चालत राहिलं. एफएम आल्यावर संगीताचा श्रोता तिकडे गेला आणि मालकी बड्या कंपन्यांच्या हाती गेली. आता त्याचा हिशेब मेम्फिसबाहेर होतो. तरी बी. बी. किंग अखेरपर्यंत जे नाव लावत राहिले, ते या स्टेशनाने दिलेलं होतं. फुकट मिळालेल्या दहा मिनिटांत, एका टॉनिकची जाहिरात गाताना मिळालेलं.