मळवलीचा छापखाना आणि न फेकता येणारी जाहिरात

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना, कार्ले आणि भाजे लेण्यांच्या मधोमध मळवली हे छोटेसे स्टेशन लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछाप छापखाना प्लेगच्या धामधुमीनंतर, तोट्यात असतानाच, येथे आला. पुढे त्यांचेच जर्मन तंत्रज्ञ फ्रित्झ श्लायशर यांनी तो विकत घेतला.

रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत कशा पोहोचल्या, हे आपण नेहमी वाचतो. व्यापाऱ्यांनी त्यातून काय हेरले, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. साधे जाहिरातपत्रक लोक चुरगाळून टाकतात. पण लक्ष्मीच्या चित्राखाली साबणाचे नाव छापले, की तो कागद पायदळी तुडवण्याची कोणाची छाती? तो भिंतीवर चढे, दिनदर्शिका म्हणून वर्षभर राही, आणि वर्ष सरल्यावर तारखा कापून चौकटीत बसे. मालाच्या गुणांविषयी फारसे सांगावेच लागत नसे. देवावरचा विश्वास नकळत वडीला चिकटे.

मँचेस्टरचे कापडवालेही याच हिशेबाने ठाणांवर हिंदू देवतांची लेबले लावीत. परक्या कापडावर घरचा देव! स्वदेशीच्या काळातही ही युक्ती मोडीत निघाली नाही. देशी गिरण्यांनीही तीच उचलली.

१९७२ च्या आगीत मळवलीचा छापखाना भस्मसात झाला. तोवर त्याची चित्रे असंख्य भिंतींवर होती, काहींच्या खाली दुकानाच्या नावासकट.